वाटणी आणि वेचणी : पत्त्यांच्या डावाचा एक वेगळा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातल्या आणि बाहेरून ऐकणाऱ्या सगळ्या मित्रांनो, आजचा विषय वरवर पाहिला तर खेळाचा आहे. पण खरा प्रश्न फार जुना आहे. एक ढीग आहे, भोवती चारजण बसले आहेत. त्या ढिगातलं कुणाला काय मिळावं, हे ठरवायचं कसं?

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं, पिसा आणि वाटा. जे नशिबात असेल ते हातात येईल. याला आपण ‘वाटणी’ म्हणू. दुसरं, ढीग समोर ठेवा आणि प्रत्येकाला आपल्या पाळीनं एकेक उचलू द्या. जगभरचे कार्डखेळाडू याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. मी याला ‘वेचणी’ म्हणणार आहे. कापसाच्या जिल्ह्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वेचणीत नजर लागते, हात लागतो, आणि आपल्या आधी त्या ओळीतून कोण गेलं यालाही महत्त्व असतं.

सुरुवात गंजिफापासून करू. बाबरानं १५२७ मध्ये सिंधमध्ये गंजिफाची पानं पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या, म्हणजे १४४ पानांच्या गंजिफाचं वर्णन आहे. आपल्याकडे रुजली ती दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण १२०. पानं गोल, हातानं रंगवलेली, लाखेचा थर दिलेली. सावंतवाडीचं नाव यासाठी प्रसिद्ध आहे. ही कला संपत चालली असताना शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. आपल्या बाजूला, तेलंगणातल्या निर्मळलाही ही पानं बनत असत.

ही पानं खेळायची कशी? तिघंजण, प्रत्येकी ४० पानं. हुकूम नाही, भिडू नाही. दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतारी करणार, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा तो. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत उलटा क्रम, तिथं एक्का मोठा. पडलेली पानं लक्षात ठेवणं हेच खरं कौशल्य. पण आपल्याला आज महत्त्वाचं ते वेगळंच आहे. इथं वाटणी शंभर टक्के नशिबाची आहे. कुणी काही निवडत नाही. जे आलं ते निभावून न्यायचं.

पुढे युरोपीय लोकांबरोबर आलेला ५२ पानांचा कॅट छापून स्वस्त झाला आणि हातानं रंगवलेली गंजिफा मागे पडली. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर घराघरांत पोचले. आता इथं एक गंमत बघा. आपण या पानांचे जे खेळ केले, त्यांत हळूहळू निवड शिरली.

मेंढीकोट घ्या. मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात पॅसेंजर गाडीनं अप-डाऊन केलेल्यांना गुडघ्यांवर पसरलेल्या रुमालावरचा हा डाव ठाऊक असेल. चौघं, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पानं, आणि लढाई चार दश्श्यांसाठी. पानं नशिबानं येतात, पण हुकूम ठरवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या. बंद हुकमात एकजण आपलं एक पान पालथं ठेवतो आणि ते उघडेपर्यंत बाकीचे अंदाज बांधत राहतात. कट हुकमात ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा संपतो, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. म्हणजे वाटणी नशिबाची, पण तिचं मोल ठरवण्यात माणसाचा हात.

आणखी पुढचं पाऊल म्हणजे पाच-तीन-दोन. तिघंजण, तीस पानं : अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग मिळून अठ्ठावीस, आणि वर दोन सत्त्या. पहिली पाच-पाच पानं वाटली की पाच हात करायचे असतात तो हुकूम बोलतो, मग उरलेली वाटायची. ज्यानं गेल्या डावात ठरल्यापेक्षा जास्त हात केले, तो पुढच्या डावात कमी पडलेल्याच्या हातातून न बघता पान ओढतो आणि बदल्यात आपलं नकोसं पान त्याच्या गळ्यात मारतो. म्हणजे झालेली वाटणी पुन्हा बदलते, आणि बदलते ती जिंकणाऱ्याच्या बाजूनं. सावकारी पाहिलेल्या वऱ्हाडाला हे वेगळं सांगायला नको. एकदा मागे पडला की पुढच्या डावात हात आणखी कमजोर. तरी या खेळानं एक उपायही ठेवला आहे. पाच, तीन, दोन ही ओझी दर डावाला फिरतात. आज पाच करणारा उद्या दोनवर येतो.

आता जरा पत्त्यांच्या बाहेर या, कारण खरी वेचणी आपल्याकडे मैदानात होती. कबड्डी, लंगडी, आट्यापाट्या खेळताना गडी कसे पाडायचे? दोन कप्तान उभे राहतात. साधारण सारख्या ताकदीची दोन पोरं गळ्यात हात घालून लांब जातात, गुपचूप नावं घेतात आणि येऊन विचारतात, सूर्य पाहिजे की चंद्र? कप्तान एक नाव घेतो, दुसरा गडी आपोआप समोरच्याकडे. विचार करा, किती शहाणी पद्धत आहे ही. जोड्या पोरं स्वतः लावतात, त्यामुळे जोडीत फार फरक नसतो. निवड आंधळी असते, त्यामुळे कच्च्या गड्याला ‘तू नको’ हे तोंडावर ऐकावं लागत नाही. शेवटी एकटं उरणाऱ्याची लाज या पद्धतीनं वाचवली.

घरच्या वाटणीतही तेच. भावाभावांत भांडी-कुंडी, शेताचे तुकडे वाटताना चिठ्ठ्या टाकतात, ती नशिबाची वाटणी. पण दुसरा जाणता मार्ग म्हणजे एकानं वाटे पाडायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. वाटे पाडणाऱ्याला माहीत असतं की वाईट वाटा आपल्याच पदरात येणार. मग तो काटा बरोबर धरतो.

हे सगळं लक्षात ठेवा आणि १९९३ मध्ये या. त्या वर्षी अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला. यात सगळ्यांचा मिळून एक कॅट नसतो. पानं बंद पाकिटांत विकत मिळतात, आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि प्रत्येकजण आपापल्या पानांतून आपला कॅट बांधतो. आपल्याकडे काडेपेटीचे छाप किंवा च्युइंगगमबरोबरची क्रिकेटपटूंची चित्रं जमवणारी पिढी होती, तिला यातली ओढ लगेच कळेल. पण यातला अन्यायही कळेल. ज्याच्या खिशात पैसे जास्त, त्याची पानं भारी. डाव मांडण्याआधीच निकाल अर्धा लागलेला.

यावरचा उपाय म्हणजे वेचणी. नेहमीच्या पद्धतीत आठजण गोल बसतात, प्रत्येकाकडे तीन पाकिटं, २०२४ च्या सुरुवातीपर्यंत ती पंधरा पानांची असत. पाकीट फोडायचं, एक पान ठेवायचं, उरलेली डावीकडे सरकवायची. दुसरं पाकीट उजवीकडे, तिसरं पुन्हा डावीकडे. पंधरा पानांच्या पाकिटांतून शेवटी प्रत्येकाकडे ४५ पानं जमत. त्यातून, साध्या जमिनीची पानं वरून घालून, किमान ४० पानांचा कॅट बांधायचा. घरचा संग्रह कितीही मोठा असो, इथं उपयोगाचा नाही. सगळे एकाच ओळीत उभे.

पण अडचण बघा. आठ माणसं आणि चोवीस पाकिटं! मोठ्या शहरात जमेल. चिखली, मेहकर किंवा खामगावला एका संध्याकाळी दोघं-तिघं जमली तरी पुष्कळ. म्हणून ज्या पर्यायी पद्धती निघाल्या त्या मला मूळ पद्धतीपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्या टंचाईतून निघाल्या आहेत.

रॉचेस्टर पद्धतीत पाकिटातली पानं सगळ्यांसमोर उताणी मांडतात. पहिल्यापासून आठव्यापर्यंत एकेक उचलत जायचं आणि तिथून उलटं फिरायचं. शेवटच्याला लागोपाठ दोन मिळतात, ही त्याच्या शेवटी असण्याची भरपाई. सगळं उघड असतं, त्यामुळे शेजाऱ्याचा डावही वाचता येतो.

सॉलोमन पद्धत दोघांसाठी. आठ पानं उताणी. एकानं त्यांचे हवे तसे दोन गठ्ठे करायचे, अगदी एक आणि सातसुद्धा, आणि दुसऱ्यानं त्यातला एक उचलायचा. पुढच्या वेळी भूमिका उलट. नाव परदेशी राजाचं, पण ही आपली वाटे पाडण्याची रीतच झाली.

विन्स्टन पद्धत खुद्द गारफिल्डची, तीही दोघांसाठी. नव्वद पानं पिसून पालथी ठेवायची आणि शेजारी एकेका पानाचे तीन गठ्ठे. पहिला गठ्ठा बघा. हवा तर घ्या, नको तर त्यावर एक पालथं पान टाकून दुसरा बघा. तिन्ही नाकारले तर मोठ्या ढिगावरचं एक न बघता घ्यायचं. नाकारलेला गठ्ठा असा फुगत जातो आणि कधीतरी कुणाला तरी मोह होतोच.

चौकटीच्या पद्धतीत नऊ पानं तीन बाय तीन मांडतात. पहिल्यानं एक आडवी किंवा उभी ओळ घ्यायची, दुसऱ्यानं उरलेल्यांतून एक ओळ. असं अठरा वेळा, म्हणजे १६२ पानांत दोघांचं भागतं.

आणि सगळ्यांत मोलाची म्हणजे ‘क्यूब’. गटानं मिळून ३६० पानांचा एक सामायिक ढीग जमवायचा. आठ गुणिले ४५, हिशेब तोच. जुनी, किरकोळ, कुणी टाकून दिलेली पानंही चालतात. दर वेळी त्यातूनच वेचायचं आणि डाव झाला की पानं परत ढिगात. एकदाच खर्च, तोही वाटून घेतलेला, आणि मग वर्षानुवर्षं खेळ. पान कुणा एकाचं राहत नाही, गटाचं होतं. पाकीटच घ्यावं लागत नाही, म्हणून पैशाची स्पर्धा मुळातच मिटते.

माझं म्हणणं एवढंच की खेळाचा इतिहास आपण नेहमी जिंकण्या-हरण्याचा सांगतो. तो वाटपाचाही सांगता येतो. गंजिफात नशीब सगळ्यांना सारखं होतं, पण निवड कुणालाच नव्हती. पाच-तीन-दोनमध्ये निवड आली, पण जिंकलेल्याला. वेचणीत ती प्रत्येकाच्या पाळीला आली. आणि जिथं माणसं कमी, पैसे कमी, तिथं लोकांनी नियम असे वळवले की दोघांचा गटसुद्धा टिकावा. गट टिकतो तो भारी पानांमुळे नाही. शेवटी उचलणाऱ्यालाही काहीतरी निवडायला उरतं, म्हणून तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

तुमच्या गटात किती जण आहेत ते आधी मोजा, मग पद्धत ठरवा. आठ जमले तर उत्तम, दोघंच असाल तर सॉलोमनपासून सुरुवात करा. आता प्रश्न घेऊ या.