तंटे मिटवण्याचं उच्च शिक्षण : ग्लासगोला अर्ज करताना



माझी धाकटी बहीण ठाण्याला असते. तिच्या नातीचा मला इथे ग्लासगोला फोन आला. "मावशीआजी, मला तुमच्या गावात येऊन तंटे सोडवण्याच्या विषयात एम.एससी. करायचं आहे. अर्जाचं जरा बघाल का?" फोन स्पीकरवर होता. मागून तिच्या आजोबांचा आवाज आला, "भांडण मिटवायला डिग्री कशाला लागते? पोटात जागा असली की झालं!"

मी जनरल नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेली बाई. विद्यापीठाचा अर्ज जन्मात भरला नव्हता. पण पोरीबरोबर बसून सात-आठ महिने हा व्यवहार शिकले. आपल्या पुष्कळ घरांतली नातवंडं परदेशी शिकायला निघतात, आणि कागद, पैसे, सल्ला यासाठी गाडी शेवटी आजी-आजोबांच्या दाराशी येऊन थांबते. म्हणून जे समजलं ते क्रमाने लिहिते.

विषय काय आहे

हा विषय आपल्याला तसा नवा नाही. पूर्वी कोकणात आपल्या लोकांचं भांडण सहसा कोर्टात जात नसे. मुकादम, चौघुले आणि जमातीतली वडीलधारी माणसं बसायची, दोन्हीकडचं ऐकायची आणि निकाल द्यायची. अलीकडे महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तीही याच वाटेवरची. भारताच्या संसदेने २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. तेव्हा शिकलेल्या मध्यस्थांना आपल्याकडेही काम आहे.

विद्यापीठात हा अभ्यास ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्डला १९७३ साली सुरू झाला. तिथले पहिले प्राध्यापक अॅडम कर्ल हे क्वेकर पंथाचे. नायजेरियाच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंकडे जाऊन त्यांनी मध्यस्थीची खटपट केली होती.

तीन शब्द मात्र वेगवेगळे समजून घ्या, कारण अर्जात मुलं इथेच गोंधळ करतात. दोघं आपसात बोलून ठरवतात ती वाटाघाट. तिसरा माणूस ऐकून निकाल देतो तो लवाद. आणि तिसरा माणूस निकाल न देता दोघांना बोलतं करतो, तोडगा त्यांचा त्यांना काढू देतो, ती मध्यस्थी. आपले मुकादम बहुतेक वेळा लवादाचं काम करत. मध्यस्थी त्याहून कठीण, कारण उत्तर ठाऊक आहे असं वाटलं तरी तोंड बंद ठेवावं लागतं.

कुठे शिकता येतं

ग्लासगोत स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या कायदा विभागात मध्यस्थी आणि तंटानिवारण यावर पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. हे विद्यापीठ जॉन अँडरसन नावाच्या प्राध्यापकांच्या मृत्युपत्रातून १७९६ साली निघालेल्या संस्थेतून वाढलं आणि १९६४ साली त्याला विद्यापीठाची सनद मिळाली. १७९६ हे साल आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आपली पहिली मशीद, शाअर हारहमीम, उभी केली.

या विभागाला जोडून मध्यस्थीचं क्लिनिक आहे. आमच्या नर्सिंगमध्ये जसं वॉर्डात उभं राहून शिकायचं, तसंच हे. स्कॉटलंडमध्ये ५,००० पौंडांपर्यंतचे दिवाणी दावे शेरीफ कोर्टात सोप्या पद्धतीने चालतात. न दिलेली उधारी, घराचं बिघडलेलं काम, असले तंटे त्यात असतात. अशा लोकांना हे क्लिनिक फुकट मध्यस्थी देतं आणि शिकणारी मुलं अनुभवी मध्यस्थाशेजारी बसून काम पाहतात, करतात.

देशादेशांतल्या युद्धांचा अभ्यास करायचा असेल तर स्कॉटलंडमध्येच सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शांतता आणि संघर्ष या विषयाची पदवी आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातही आहे, आणि त्या शहराने हा विषय अंगावर सोसलेला आहे. परदेशी जायचंच नसेल तर दिल्लीला जामिया मिलियामध्ये नेल्सन मंडेलांच्या नावाचं केंद्र आहे. मुलाला शेजाऱ्यांची भांडणं सोडवायची आहेत की राष्ट्रांची, हे आधी विचारा. दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे.

कागदपत्रं

इथे पदवीनंतरच्या शिक्षणाचा अर्ज थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरायचा. बारावीनंतर येणाऱ्या मुलांसाठी यूकास नावाची मध्यवर्ती यंत्रणा आहे, तिचा यात संबंध नाही. सहसा लागतात ते कागद असे :

१. पदवीचं प्रमाणपत्र आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका. शेवटचं वर्ष चालू असलं तरी अर्ज करता येतो. मग प्रवेश अटीवर मिळतो, निकाल दाखवला की पक्का होतो.

२. शिफारसपत्रं, बहुधा दोन. ती शिकवणाऱ्या प्राध्यापकांची किंवा कामावरच्या वरिष्ठांची हवीत. मशिदीच्या सेक्रेटरींनी प्रेमाने दिलेलं पत्र ठेवा जपून, पण ते प्राध्यापकांच्या पत्राची जागा घेत नाही. घरच्या माणसाचं तर अजिबात चालत नाही.

३. इंग्रजीची परीक्षा. आयल्ट्समध्ये अशा अभ्यासक्रमांना साधारण ६.५ मागतात. निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊ नका.

४. बायोडेटा आणि पासपोर्ट. पासपोर्टावरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकच आहे का ते पाहा. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर गावावरून पडलेलं आडनाव असं पुष्कळदा असतं. ते आधीच निस्तरा.

५. स्वतःविषयीचं निवेदन. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते.

पूर्ण एम.एससी. म्हणजे १८० क्रेडिट, पूर्ण वेळ केलं तर एक वर्ष. १२० क्रेडिटला डिप्लोमा आणि ६० ला सर्टिफिकेट मिळतं. वयाची वरची मर्यादा नाही. पदवी नसली तरी कामाचा अनुभव धरून काही ठिकाणी विचार करतात, तेव्हा माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यांनीही विचारून पाहायला हरकत नाही.

पैसे आणि व्हिसा

परदेशी विद्यार्थ्यांची फी इथल्या मुलांपेक्षा पुष्कळ जास्त असते. दर वर्षी आकडा बदलतो, तो विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या पानावरच पाहा. व्हिसासाठी उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा ठरलेला खर्च बँकेत सलग २८ दिवस दाखवावा लागतो.

आता आजी-आजोबांनी हे नीट वाचा. हे पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात असावे लागतात. आजीच्या नावावरची एफडी कितीही मोठी असो, ती धरत नाहीत. द्यायचंच असेल तर वेळेवर मोडा आणि २८ दिवस सुरू होण्याआधी त्यांच्या खात्यात जमा करा. माझ्या बहिणीची एफडी अशीच शेवटच्या आठवड्यात मोडावी लागली आणि व्याज बुडालं ते बुडालंच.

भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवसांसाठी येणाऱ्याला ठरवून दिलेल्या दवाखान्यातून क्षयाची तपासणी करावी लागते. आरोग्य सेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे, तो व्हिसाच्या फीसोबतच भरायचा. शिकवून घेतल्या जाणाऱ्या एम.एससी.ला येणाऱ्या मुलांना जानेवारी २०२४ पासून नवरा, बायको, मुलं यांना सोबत आणता येत नाही. लग्न झालेल्या नातीने हे आधीच घरात बोलून घ्यावं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण त्यावर फी निघेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मदतीसाठी ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. मुंबईची जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते. दोन्हींचे अर्ज प्रवेशाच्या पुष्कळ आधी भरायचे असतात, म्हणून शोध एक वर्ष आधी सुरू करा.

निवेदन : खरी परीक्षा इथे

निवेदन म्हणजे दीड-दोन पानं. मी कोण, हाच विषय का, हीच जागा का. नातीला एका एजंटाने तयार मजकूर दिला होता. त्यात गांधीजी होते, मंडेला होते, मध्यपूर्व होती आणि जगात शांतता नांदावी अशी इच्छा होती. पोरगी त्यात कुठेच नव्हती.

मी तिला वॉर्डातली गोष्ट सांगितली. ड्यूटी बदलताना आम्ही रिपोर्ट द्यायचो, त्यात "पेशंट नाटक करतो" असं कधी लिहायचं नाही. "पेशंट म्हणाला, छातीत दुखतं" असं लिहायचं. जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच. तू स्वतः कुठलं भांडण आतून पाहिलंस ते लिही, म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुमचं आणि मामाआजोबांचं."

माझा भाऊ अश्दोदला असतो. अलिबाग तालुक्यातलं वडिलांचं घर आणि वाडी त्याने आम्हा बहिणींना न विचारता विकली. तेव्हापासून नऊ वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते. ठाण्याची बहीण दोघांशी बोलायची. रोश हाशानाला तिच्या घरी दोन फोन यायचे, एक माझा, एक त्याचा. आणि या पोरीला लहानपणापासून शिकवलेलं, ग्लासगोच्या फोनवर अश्दोदचं नाव काढायचं नाही, अश्दोदच्या फोनवर ग्लासगोचं. दोन्हीकडचं सांभाळत ती वाढली. मला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

लिहायला तिला दोघांची परवानगी हवी होती. माझी मी दिली. भावाला विचारायचं काम मात्र तिने माझ्यावर टाकलं. दोन दिवस मी टाळलं. मग व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहिल्या. संध्याकाळी उत्तर आलं : "लिहू दे. पण कौलं बदलायला आणि घरपट्टीला मी एकट्याने किती वर्षं पैसे भरले तेही लिहायला सांग."

मला ते माहीत नव्हतं. नऊ वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

तिने दोन्ही बाजू लिहिल्या. बहिणींना न विचारता विकणं चूक होतं हे लिहिलं, आणि डोक्यावरचं छप्पर कोण सांभाळतं याची बहिणींनी चौकशी केली नाही हेही लिहिलं. नावं आणि गाव काढून टाकलं. शेवटी लिहिलं, निरोप्याचं काम मी बारा वर्षांची असल्यापासून केलं, मध्यस्थाचं काम मला येत नाही, ते शिकायला यायचं आहे. तिला अटीवर प्रवेश मिळाला आणि परीक्षेचा निकाल लागल्यावर तो पक्का झाला.

घरातलीच गोष्ट पाहिजे असं नाही. ज्यांचे नातेवाईक इस्रायलला होते त्यांना १९६० नंतरची वर्षं आठवत असतील, जेव्हा आपल्या लोकांच्या लग्नांवर तिथल्या धर्मगुरूंनी शंका घेतली, आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली आणि १९६४ साली क्नेसेटने आपण सर्व दृष्टींनी यहुदी आहोत असं जाहीर केलं. तुम्ही किंवा तुमचे आई-वडील त्यात असाल तर नातवंडांना सांगा. मात्र दोन्हीकडचं सांगा. समोरचा काय म्हणत होता हे सांगता आलं नाही, तर ते निवेदन नुसती तक्रार होते.

कागद मुलं गोळा करतील, फॉर्म तर ती आपल्यापेक्षा भरभर भरतात. आपण त्यांना द्यायची ती ही खरी हकीकत. ती देताना जरा त्रास होतो, हे मी अनुभवाने सांगते.

वाडी गेली ती परत येणार नाही. या रोश हाशानाला भावाचा फोन थेट मला आला. चार-पाच मिनिटं बोललो, गुडघ्यांबद्दल आणि इथल्या पावसाबद्दल. घराचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. नात सप्टेंबरात येते आहे. तिच्यासाठी खोली झाडून ठेवली आहे.