मोटारींत वाजणारें गाणें

इ. स. १९३० च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक सिटी या शहरीं रेडिओ-उत्पादकांचें संमेलन भरलें होतें. शिकागोचे एक कारखानदार, पॉल गॅल्व्हिन, आपली मोटार घेऊन तेथें आले. प्रदर्शनांत त्यांना जागा मिळालेली नव्हती. म्हणून त्यांनीं मोटार बाहेरच उभी केली आणि तींत बसविलेला रेडिओ मोठ्यानें लावून दिला. जाणारेयेणारे थबकूं लागले आणि व्यापाऱ्यांच्या मागण्या येऊं लागल्या. त्या रेडिओचें नांव ‘मोटोरोला’ असें होतें. १९४७ सालीं त्यांच्या कंपनीनेंहि तेंच नांव धारण केलें.

चालत्या मोटारींत गाणें ऐकविणें हें घरांतील मेजावर रेडिओ ठेवण्याइतकें सोपें नव्हतें. त्या वेळच्या रेडिओंतील निर्वात नळ्यांना विजेचा मोठा दाब लागे. मोटारीच्या बॅटरीकडून तो मिळत नसल्यामुळें निराळ्या बॅटऱ्या बाळगाव्या लागत. इंजिनांत पेट्रोल पेटविण्यासाठीं ज्या ठिणग्या पडतात त्यांचा कडकडाट थेट रेडिओंत शिरे आणि गायकाचा आवाज त्यांत बुडून जाई. या अडचणी दूर होत असतांनाच दुसरा आक्षेप पुढें आला. गाण्यानें चालकाचें चित्त विचलित होईल व अपघात घडतील, म्हणून मोटारींतील रेडिओस बंदी घालावी, अशी मागणी अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं झाली. बंदी टिकण्यासारखी नव्हती. परंतु गाणें आणि चालकाचें लक्ष यांचा संबंध काय, हा प्रश्न तेव्हांपासून आजतागायत या विषयाच्या पाठीस लागलेला आहे.

रेडिओवर केंद्र जें ऐकवील तेंच ऐकावें लागे. आपल्या आवडीचें गाणें आपल्या इच्छेनें लावावें ही पुढची पायरी होय. १९५६ च्या मोटारींसाठीं क्रायस्लर कंपनीनें चक्क तबकड्यांचा ग्रामोफोन बसवून दिला. मिनिटास १६⅔ फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या या यंत्रासाठीं मुद्दाम बनवाव्या लागत. निवड थोडी, यंत्र नाजूक आणि रस्त्यांवर खड्डे; यामुळें तो प्रयोग लवकरच मागें पडला. खरा मार्ग सांपडला तो ध्वनिफितींत. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं छोटी कॅसेट लोकांपुढें आणली आणि पुढें ती मोटारींतहि आली. भारतांतील लांबच्या प्रवासांत कॅसेटींचा एक डबा बरोबर असणें ही गोष्ट अनेक कुटुंबांच्या आठवणींतली आहे. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीनें पुढें कॅसेटीची जागा घेतली.

या साऱ्या साधनांत एक गोष्ट समान होती. कळ फिरवावी, तबकडी ठेवावी किंवा कॅसेट सरकवावी, मगच गाणें सुरू होई. मनुष्याचा हात लागल्यावांचून मोटार गात नसे.

हा हात दूर करणारी युक्ति स्वीडनमधील लुंड शहरीं जन्मास आली. १९९४ सालीं एरिक्सन कंपनीच्या तेथील शाखेंत याप हार्ट्सन या डच अभियंत्यानें जवळजवळच्या यंत्रांना तारेवांचून जोडण्याचें काम हातीं घेतलें. या पद्धतीस ‘ब्लूटूथ’ हें नांव इंटेल कंपनीच्या जिम कार्डाक यांनीं सुचविलें. दहाव्या शतकांतील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याला ‘निळ्या दांताचा’ असें टोपणनांव होतें. त्यानें विखुरलेल्या लोकांस एका छत्राखालीं आणलें. तसें या पद्धतीनें निरनिराळ्या यंत्रांस एकत्र आणावें, हा त्यांतील आशय. १९९८ सालीं पांच कंपन्यांनीं मिळून या कामासाठीं एक मंडळ स्थापन केलें.

तिची रीत अशी. पहिल्या ओळखीच्या वेळीं मोटार व फोन आपसांत एक गुप्त किल्ली ठरवितात, आणि दोन्हीं यंत्रें ती जपून ठेवतात. पुढें मोटार चालू झाली कीं ती फोनचा शोध घेते. किल्ली जुळली कीं संबंध जुळतो. मात्र या संबंधांत तीन निरनिराळीं कामें असतात. एक मार्ग फोनवरील संभाषणाचा, दुसरा संगीताचा, आणि तिसरा ‘वाजव’, ‘थांब’, ‘पुढचें’ अशा आज्ञांचा. संभाषण चांगलें चालतें पण गाणें येत नाहीं, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते; तिचें कारण बहुधा हें कीं पहिला मार्ग खुला असतो आणि दुसरा बंद.

गाणें आपोआप सुरू होतें तें तिसऱ्या मार्गामुळें. संबंध जुळतांच पुष्कळ मोटारी स्वतःहूनच ‘वाजव’ अशी आज्ञा फोनकडे धाडतात. ज्या मोटारी तशी आज्ञा धाडीत नाहींत, त्यांच्यासाठीं फोनलाच कायमची सूचना देऊन ठेवतां येते कीं, अमुक मोटारीशीं संबंध जुळला म्हणजे अमुक संगीत लावावें. मात्र या सूचनेंत क्षणभर थांबण्याची सोय ठेवावी हें बरें; नाहींतर संगीताचा मार्ग खुला होण्यापूर्वींच गाणें सुरू होतें आणि पहिली ओळ खिशांतल्या खिशांत वाजून जाते.

या आज्ञाधारकपणाची एक गंमत २०१७ सालीं अमेरिकेंत घडली. आयफोन मोटारीस जोडला कीं पुष्कळांच्या बाबतींत वर्णानुक्रमानें पहिलें येणारें गाणें वाजूं लागे, आणि रोज तेंच तें ऐकून लोक कंटाळून जात. तेव्हां समीर मेझराही नांवाच्या गृहस्थांनीं इंग्रजीच्या पहिल्या अक्षराची ओळीनें पुनरुक्ति करून आरंभ होणाऱ्या नांवाचें एक ‘गाणें’ विक्रीस काढलें. त्यांत सुमारें दहा मिनिटांची निव्वळ शांतता होती. यादींत तें सर्वांच्या आधीं येई. म्हणून गाडी सुरू झाल्यावर कांहींच वाजत नसे, आणि तेवढ्या अवधींत मनुष्य आपल्या आवडीचें कांहीं निवडून लावूं शके. हें मौन लोकांनीं पैसे देऊन विकत घेतलें, इतकें कीं तें सर्वाधिक खपणाऱ्या गाण्यांच्या यादींत जाऊन बसलें.

१९३० सालीं मोटारींत गाणें यावें म्हणून लोकांनीं शंभराहून अधिक डॉलर मोजले. २०१७ सालीं तें क्षणभर थांबावें म्हणून एक डॉलराहून थोडें कमी. यंत्रें जुळविण्याचें काम तंत्रज्ञांनीं उत्तम केलें आहे. परंतु संबंध जुळणें निराळें आणि गाण्याची इच्छा होणें निराळें. सकाळीं कामास निघालेला मनुष्य आणि आप्तास रुग्णालयांत ठेवून रात्रीं परतणारा मनुष्य, दोघांची किल्ली मोटारीस सारखीच ओळखूं येते. त्यांच्या मनांतला भेद तिला कळत नाहीं. म्हणून आपोआप वाजविण्याची सोय अवश्य करावी, परंतु ती बंद कशी करावयाची हेंहि त्याच दिवशीं, गाडी उभी असतांना, शिकून ठेवावें.