मागचा तांबडा दिवा : खामगावच्या कापूसगाड्यांपासून सात पिनांच्या सॉकेटपर्यंत

१/ वाहनाचा पुढचा दिवा चालकाला वाट दाखवतो. मागचा तांबडा दिवा मात्र मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. तो विझला, तर ज्याच्या वाहनावर तो आहे त्याला पत्ताही लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील कापसाच्या वाहतुकीत हा दिवा दीड शतकात कसा बदलला आणि आज तो का विझतो, याचा हा मागोवा.

२/ १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला मोल आणले. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते जलंब-खामगाव हा छोटा लोहमार्ग खुला झाला. तरीही शेतातून बाजारापर्यंतचा प्रवास बैलगाडीचाच राहिला.

३/ पुढे रॉकेल खेड्यापाड्यांत पोहोचल्यावर गाडीच्या आसाखाली कंदील लोंबू लागला. उजेड बेताचा, पण प्रत्येक गाडीचा स्वतःचा. एकीचा कंदील विझला म्हणून दुसरीचा विझत नसे. आगगाडीतही तीच रीत होती : शेवटच्या डब्यामागे स्वतंत्र तेलाचा तांबडा दिवा. तो दिसला, की गाडी अखंड आली, एकही डबा मागे सुटला नाही, अशी स्टेशनमास्तरची खात्री पटे.

४/ मोटारीने ही रीत मोडली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर आणि विजेचे दिवे आले. तांब्याची बचत करण्यासाठी दिव्याकडे एकच तार नेण्याचा प्रघात पडला. परतीचा मार्ग म्हणजे वाहनाचा लोखंडी सांगाडा. कल्पना जुनीच होती. १८३८ मध्ये श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञाने तारायंत्राच्या परतीच्या तारेचे काम जमिनीकडून करून घेतले होते. मिस्त्री आजही परतीच्या वाटेला ‘अर्थ’ म्हणतात, त्यामागे हा वारसा आहे.

५/ ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडली गेली आणि खरा प्रश्न उभा राहिला. आता दिवा मागे, बॅटरी पुढे, आणि मधे एक सांधा. सात पिनांच्या सॉकेटच्या रूढ रचनेत डावा व उजवा इंडिकेटर, डावा व उजवा मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि एक जादा जोडणी अशा सहा वाटा जाण्याच्या. परतीची वाट एकच : ३१ क्रमांकाची. सहाही जणी तिच्यावर विसंबून असतात.

६/ ही एक तार तुटली, की वीज परतीसाठी आडवाट शोधते. ब्रेक दाबावा तर भलताच दिवा मंद पेटतो. इंडिकेटर लावावा तर मागचे सगळे दिवे लुकलुकतात. बल्ब बदलून हा दोष जात नाही, कारण बल्ब निर्दोष असतो. काही ट्रॉल्यांत परतीची तारच नसते. सारी भिस्त हुकावर असते. हुकावर गंज, ग्रीस आणि धूळ. ओढ बसली की दिवा लागतो, सैल पडली की विझतो.

७/ नुसता गंजही पुरेसा आहे. १२ व्होल्टवर २१ वॉटचे दोन ब्रेकदिवे साडेतीन अँपिअर वीज घेतात. सांध्यात एक ओहम अडथळा आला, तरी अडीच ते तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि तांबडा दिवा मलूल होतो.

८/ शोधाचा क्रम ठरलेला असावा. प्रथम दोष सांध्याच्या कोणत्या बाजूला आहे ते ठरवावे. प्लग काढून ट्रॅक्टरच्या सॉकेटवर, त्याच्याच ३१ क्रमांकाच्या पिनचा आधार घेऊन, टेस्ट लॅम्पने एकेक पिन तपासावी. तिथे वीज नसेल, तर फ्यूज, खटका आणि पुढची तार पाहावी. वीज असेल, तर दोष मागे : एकच दिवा बंद असल्यास बल्ब व होल्डर, अनेक दिवे एकदम बिघडल्यास परतीची तार. तारेच्या रंगावर विसंबू नये. दुरुस्तीत हाती लागेल त्या रंगाची तार जोडलेली असते. पिनचा क्रमांक पाहावा.

९/ कायद्यालाही या दिव्याचे मोल ठाऊक आहे. १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहन कायदे झाले. १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन हे अंतर सुमारे सात सेकंदांत कापते. मलकापूर, नांदुरा, खामगाव जोडणाऱ्या जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर, म्हणजे आजच्या ५३ वर, अंधारात कापसाने भरलेली ट्रॉली चालते, तेव्हा मागच्या चालकाच्या हाती एवढाच अवधी असतो. दिवा नसेल, तर तोही नाही.

१०/ कंदील गाडीवानाला खाली वाकून पाहता येई. आगगाडीचा शेवटचा दिवा गार्ड स्वतः तपासत असे. ट्रॅक्टरचालकाला मात्र कापसाच्या ढिगाआडचे काहीच दिसत नाही. म्हणून निघण्यापूर्वी एकाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. ट्रॉलीच्या पाठीवरचे तांबडे परावर्तकही पुसून घ्यावेत. त्यांना ना तार लागते, ना परतीची वाट.