बशी उलटी करून बघा



'चिनी माती' हा एकच शब्द आपण किती वस्तूंना वापरतो! लोणच्याची बरणी चिनी मातीची, कपाटातला आजेसासूबाईंच्या वेळचा टी-सेट चिनी मातीचा, आणि लग्नात आहेर म्हणून आलेली नाजूक कपबशीही चिनी मातीचीच. पण या सगळ्यांची माती एक नाही. बरणी जाड भाजलेल्या मातीची असते. खऱ्या पोर्सिलेनचा कप पांढरी माती आणि दगडाची पूड यांचा असतो. आणि बोन चायनाच्या कपात जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते.

हल्ली आपल्यातल्या बऱ्याच जणी जुनी चिनी आणि विलायती भांडी हौसेने जमवतात. भांडी सुंदर असतात, यात वादच नाही. पण जमवण्याआधी त्यांचा इतिहास ठाऊक असावा, कारण त्यात आपल्या दोन व्रतांचा प्रश्न येतो: अहिंसेचा आणि परिग्रह परिमाणाचा.

मूळ विद्या चीनची. तिथे हजार वर्षांहून अधिक काळ पोर्सिलेन बनत आले आहे. जिंगदेझेन हे त्याचे सर्वांत मोठे केंद्र. जवळच्या गाओलिंग नावाच्या टेकडीवरून तिथल्या पांढऱ्या मातीला 'काओलिन' हे नाव पडले. ही माती आणि कुटून बारीक केलेला एक पांढरा दगड एकत्र मळायचा आणि भट्टीत सुमारे १३०० अंशांपर्यंत भाजायचा. मग दगड वितळून मातीला धरून ठेवतो आणि भांडे काचेसारखे होते. पाणी झिरपत नाही, उजेडासमोर धरले तर बोटांची सावली दिसते. यात हाड नाही, शिंपला नाही. केवळ माती, दगड, पाणी आणि अग्नी.

युरोपला हे ठाऊक नव्हते. पोर्तुगीज आणि नंतर डच जहाजांतून ही भांडी तिकडे जाऊ लागली, तेव्हा लोकांनी नाना तर्क लढवले. कोणी म्हणे शंख-शिंपले कुटून जमिनीत पुरतात, कोणी म्हणे अंड्याची टरफले. 'पोर्सिलेन' हा शब्दच मुळी कवडीच्या इटालियन नावावरून आला आहे.

या भांड्यांचा सर्वांत मोठा शौकीन म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस. राजधानी ड्रेस्डेन. चिनी आणि जपानी भांडी विकत घेता घेता खजिना रिकामा होऊ लागला. त्याच सुमारास, १७०१ साली, योहान बॉटगर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण बर्लिनहून पळून सॅक्सनीत आला. आपण सोने बनवू शकतो, असे त्याने लोकांना सांगितले होते. राजाने त्याला पकडून कैदेत ठेवले. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस या विद्वानाबरोबर काम करताना १७०८ साली त्याला खऱ्या पोर्सिलेनची कृती सापडली. १७१० मध्ये माइसेन गावच्या किल्ल्यात कारखाना निघाला. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून किल्ला निवडला होता. बॉटगरला मोकळीक मिळाली ती १७१४ मध्ये, आणि १७१९ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो वारला.

स्वतःचा कारखाना निघाल्यावर तरी राजाची भूक भागली असेल? नाही. १७१७ साली शेजारच्या प्रशियाच्या राजाकडे काही मोठ्या चिनी बरण्या आणि भांडी होती. ऑगस्टसने १५१ नगांच्या बदल्यात आपल्या घोडदळातले ६०० शिपाई देऊन टाकले. त्यातल्या मोठ्या झाकणाच्या बरण्यांना आजही त्या शिपायांवरून 'ड्रॅगून बरण्या' म्हणतात. मला हे वाचताना त्या सहाशे घरांतल्या आया-बायका आठवतात. त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. भांड्यांची मात्र यादी नीट ठेवली होती, एकेका नगावर क्रमांक घालून.

राजाला आपली अवस्था कळत होती. त्याने स्वतःच एका पत्रात याला रोग म्हटले आहे. हा रोग जडला की माणसाला कधीच पुरेसे झाले असे वाटत नाही, असा त्या पत्राचा भाव. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली आहे, ती इथे किती चपखल बसते! वस्तू किती आहेत हा पहिला प्रश्न नाही. तिच्यापायी आपली शुद्ध हरपली का, हा आहे.

आता हाडांकडे येऊ. इंग्रजांनाही पांढरी, पारदर्शक भांडी हवी होती. अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनजवळच्या बो इथल्या कारखान्यात मातीत हाडांची राख मिसळायला सुरुवात झाली. पुढे १७९० च्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडच्या कारखान्यात त्याचे प्रमाण पक्के झाले: साधारण निम्मी हाडांची राख, उरलेल्यात काओलिन आणि कॉर्नवॉलचा दगड. हाडे बहुतेक गुराढोरांची. ती स्वच्छ करून भाजायची, दळायची आणि मातीत मळायची. भांडे मजबूत आणि दुधासारखे पांढरे होते, म्हणून हीच पद्धत इंग्लंडमध्ये रूढ झाली. आणि गंमत पाहा, कॉर्नवॉलची माती आणि दगड वापरून हाडांशिवाय खरे पोर्सिलेन बनवण्याचे पेटंट विल्यम कुकवर्दीने १७६८ सालीच घेतले होते. म्हणजे हाडांवाचून अडले नव्हते.

कोणी म्हणेल, भाजून राख झाली, आता त्यात काय राहिले? माझे म्हणणे एवढेच, की घेताना ठाऊक असेल तर मी तो कप घेणार नाही. आपल्या चौक्यात कपबशीला जागा नसतेच. पण रोजच्या चहालाही हा विवेक लावायला काय हरकत आहे?

ओळखायचे कसे? आधी बशी उलटी करून बघा. विसाव्या शतकातल्या बऱ्याच भांड्यांवर मागे 'बोन चायना' असे स्पष्ट छापलेले असते. नुसते 'इंग्लंड' लिहिले असेल तर भांडे बहुधा १८९१ नंतरचे, कारण त्या साली अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक केले. त्याआधीच्या बऱ्याच इंग्रजी कपांवर काहीच लिहिलेले नसते, तेव्हा अधिक सावध राहा. उजेडात धरल्यावर बोन चायना उबदार, सायीसारखे दिसते. चिनी किंवा माइसेनचे पोर्सिलेन थंड, किंचित निळसर. चिनी भांड्याच्या बुडाच्या कडेवर बहुधा चकाकी नसते, तिथे कोरी माती हाताला लागते. माइसेनची खूण म्हणजे निळ्या रंगातल्या दोन फुली मारलेल्या तलवारी. पण ती खूण आणि चिनी राजांच्या नावांचे शिक्के, दोन्हींच्या नकला पूर्वीपासून झाल्या आहेत. केवळ खुणेवर पैसे मोजू नका. आणि जुन्या रंगांत, चकाकीत शिसे असू शकते, म्हणून अशा भांड्यांत लिंबू, ताक, लोणचे कधी वाढू नका.

घरात वारसाने आलेला सेट हाडांचा निघाला तर काय करायचे, हे तुम्ही आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवायचे. मला विचाराल तर आठवण म्हणून एक नग ठेवा, बाकीचा कोणाला हवा असेल त्याला द्या, आणि त्या जागी नवा सेट आणू नका.

आणि डोळ्यांची हौस असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी वस्तू आहेत, हैदराबादला सालारजंग संग्रहालयात युरोपीय पोर्सिलेनची दालने आहेत. मुलींना घेऊन जा. त्यांना सहाशे शिपायांची गोष्ट सांगा. मनसोक्त बघा आणि रिकाम्या हातांनी घरी या.