फूलनला विचारलं होतं का?

गेल्या वर्षी ‘छावा’ आला तेव्हा आपल्याकडे पहिला वाद झाला तो लेझीमवर. महाराज नाचताना दाखवले म्हणून लोक चिडले आणि दिग्दर्शकाने तो भाग काढून टाकला. मग शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, आमच्या पूर्वजांना गद्दार दाखवलं म्हणून. दिग्दर्शकाने माफी मागितली. पण शेवटचा छळाचा जो लांबलचक भाग आहे, ज्याने थिएटरात लहान पोरं रडली आणि त्या रडण्याचे व्हिडिओ घरोघरी फिरले, त्यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही. किती दाखवायचं, कशासाठी दाखवायचं, पाहणाऱ्याच्या मनात शेवटी काय उरावं, हे प्रश्न वादात आलेच नाहीत.

आपली ही सवय जुनी आहे. सिनेमावरचे आपले वाद मानापमानाचे असतात. ज्याने भोगलं त्याचं काय, हा प्रश्न रांगेत शेवटी उभा असतो. 1689 साली ज्यांनी भोगलं त्यांना आज आपण विचारू शकत नाही. पण ज्या बाईला विचारता आलं असतं, तिच्या बाबतीत आपण काय केलं ते पाहू.

‘बँडिट क्वीन’. शेखर कपूर यांचा सिनेमा, 1994. पैसा ब्रिटनच्या चॅनल फोरचा, आधार माला सेन यांच्या 1991 च्या पुस्तकाचा. हे पुस्तक कसं तयार झालं ते महत्त्वाचं आहे. फूलनदेवीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तुरुंगात ती सांगायची, दुसरं कोणी लिहून घ्यायचं आणि ते कागद लपवून बाहेर यायचे. आपल्यावर झालेल्या बलात्कारांबद्दल मात्र ती आडून आडूनच बोलली. खेड्यातली बाई अशा गोष्टी जशा सांगते, तशा. जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं आणि बाकीचं झाकून ठेवलं. तो तिचा हक्क होता.

पडद्यावर ते झाकलेलं सगळं उघडं झालं. सुरुवातीलाच पाटी आली, ही सत्यकथा आहे.

फूलनची हकीकत थोडक्यात. जालौन जिल्ह्यातली मल्लाह समाजातली मुलगी. अकरा वर्षांची असताना तिच्याहून कितीतरी मोठ्या माणसाशी लग्न लावून दिलं. पुढे चंबळच्या टोळ्या, बेहमई गावातल्या ठाकुरांनी केलेला अत्याचार आणि 14 फेब्रुवारी 1981 ला त्याच बेहमईत 20 पुरुष रांगेत उभे करून मारले गेले. फूलन 1983 साली भिंडमध्ये मुख्यमंत्री अर्जुनसिंह यांच्यासमोर शरण आली. खटला न चालता अकरा वर्षं तुरुंगात राहिली आणि 1994 च्या सुरुवातीला सुटली.

म्हणजे सिनेमा कान महोत्सवात दाखवला गेला तेव्हा ही बाई जिवंत होती, सुटलेली होती आणि दिल्लीत होती. अरुंधती रॉय यांचं नाव तेव्हा आजच्याएवढं मोठं नव्हतं. त्यांनी त्या वेळी एक खणखणीत लेख लिहिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. जिवंत बाईवर झालेला बलात्कार तिच्या परवानगीशिवाय पुन्हा उभा करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

फूलन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिच्या डोक्यावरचे खटले अजून पुरते मिटलेले नव्हते आणि बेहमईत आपण कोणाला मारलं नाही, असं ती सांगत होती. सिनेमा तर सत्यकथा म्हणून तिला त्याच हत्याकांडात उभी करत होता. न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं. नंतर तडजोड झाली. चॅनल फोरने तिला सुमारे 40 हजार पौंड दिले आणि तिने आक्षेप मागे घेतला. आपल्याकडे लगेच निष्कर्ष निघाला, बघा, पैशासाठीच चाललं होतं सगळं! अहो, ज्या बाईकडे ना घर ना दार, तिने पैसे घेतले म्हणून आधी न विचारता केलेलं योग्य ठरतं का? नुकसानभरपाई मिळाली याचा अर्थ नुकसान झालंच नव्हतं, असा होत नाही.

1996 साली सिनेमा भारतात लागला आणि प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं. या वेळी तक्रार गुर्जर समाजातल्या एका गृहस्थांची होती. बलात्कार करणाऱ्याचं नाव बाबू गुज्जर, म्हणून समाजाची बदनामी झाली, आणि नग्नता अश्लील आहे, असं त्यांचं म्हणणं. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिलं. बेहमईच्या विहिरीवर तिला नग्न चालवलं जातं, ते दृश्य पाहून वासना जागी होत नाही, अत्याचार करणाऱ्यांची घृणा वाटते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. दाखला दिला ‘शिंडलर्स लिस्ट’चा. त्यातही छळछावणीतली नग्न माणसं दिसतात, म्हणून तो अश्लील होतो का?

हा निकाल महत्त्वाचा आहे आणि माझ्या मते योग्यही आहे. नग्नता म्हटलं की कात्री काढणाऱ्यांना त्याने आळा घातला. सिनेमानेही मोठं काम केलं हे नाकारता येत नाही. जात आणि बलात्कार यांचं नातं शहरी प्रेक्षकासमोर इतक्या थेटपणे क्वचितच कोणी मांडलं होतं. पण कोर्टासमोर प्रश्न प्रेक्षकाला काय वाटेल हा होता. जिची गोष्ट आहे तिला काय वाटतं, हा प्रश्न पैशाच्या तडजोडीत मिटून गेला होता.

हा पेच युरोपात आधीच चर्चेत आला होता. इटालियन दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्वो यांनी 1960 साली छळछावणीवर ‘कापो’ नावाचा सिनेमा केला. त्यात एक कैदी बाई विजेच्या कुंपणावर झोकून देऊन मरते. त्या क्षणी कॅमेरा हळूच पुढे सरकतो आणि तिचा वर गेलेला हात चौकटीत नीट, देखणा बसेल अशी जागा घेतो. बस, एवढंच. फ्रेंच समीक्षक जाक रिव्हेत यांनी 1961 साली त्यावर लिहिलं की अशा क्षणी चौकट सुंदर करायला सुचणारा माणूस तिरस्कारालाच पात्र आहे. लक्षात घ्या, पोंतेकोर्वो स्वतः ज्यू होते आणि फॅसिस्टांविरुद्ध लढलेले होते. हेतू वाईट नव्हताच. पण हेतू चांगला असला म्हणून कॅमेऱ्याची जागा आपोआप बरोबर ठरत नाही.

दुसऱ्या टोकाला क्लोद लांझमान. 1985 चा ‘शोआ’ साडेनऊ तासांचा आहे आणि त्यात प्रेतांचं एकही जुनं चित्रण नाही, अभिनयाने उभा केलेला छळ नाही. फक्त माणसं बोलतात. तरी तोही निष्पाप नाही. त्रेब्लिंका छावणीत बायकांचे केस कापायला लावलेला न्हावी, अब्राहम बोंबा, बोलता बोलता थांबतो. पुढे नको म्हणतो. लांझमान त्याला थांबू देत नाही, सांगावंच लागेल म्हणतो. ती साक्ष इतिहासाला मिळाली, पण तिची किंमत त्या न्हाव्याने मोजली. मला आजही ठरवता येत नाही, लांझमान बरोबर होता की नाही. एवढं मात्र दिसतं की बोंबा तिथे स्वतःच्या तोंडाने बोलत होता. फूलनच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

आपल्या मुंबईतलंच आठवा. 26/11 चा हल्ला संपून एक-दोन दिवस झाले नव्हते, तोच मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजची पाहणी करायला गेले आणि सोबत मुलगा रितेश आणि राम गोपाल वर्मा. लोक इतके का भडकले? सिनेमा तेव्हा कागदावरही नव्हता, तो 2013 साली आला. पण जिथे माणसं मेली ती जागा इतक्या लवकर लोकेशन होते आहे, हे लोकांना नेमकं कळलं. ती चीड शहाणी होती. अशी चीड आपल्याला एरवी का येत नाही?

बेहमईत मेलेल्यांच्या विधवाही आहेत. त्यांच्या खटल्याचा निकाल लागायला 2024 साल उजाडलं. त्यांचं दुःखही पडद्यावर विकलं गेलं आणि त्यांनाही कोणी विचारलं नाही. फूलन पुढे मिर्झापूरहून दोनदा खासदार झाली आणि 25 जुलै 2001 ला दिल्लीत घरासमोर तिला गोळ्या घातल्या. तिच्यानंतरही तिचं म्हणून जगाला आठवतं ते विहिरीवरचं दृश्यच, जे तिने कधी दाखवायला सांगितलं नव्हतं.

दुष्टपणा दाखवूच नये, असं मी म्हणत नाही. न दाखवल्याने फायदा करणाऱ्याचाच होतो. पण पुढच्या वेळी पडद्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली की डोळे पुसायच्या आधी स्वतःला विचारा. ज्यांच्यावर गुदरलं त्यांना किंवा त्यांच्या माणसांना कोणी विचारलं होतं का? आणि बाहेर पडताना हे का घडलं ते मला थोडं अधिक कळलं, की नुसताच कोणाचा तरी राग घेऊन मी घरी चाललोय?