फायली जोडणाऱ्यांचा इतिहास

हदगावात मी डीटीपीचं काम करतो. शाळांच्या स्मरणिका, सप्ताहाच्या पत्रिका, पीएचडीचे प्रबंध माझ्याकडे येतात. लोकांना वाटतं, टायपिंग म्हणजेच हे काम. पण खरी कसोटी लागते ती दहा जणांनी दहा ठिकाणी टाईप केलेला मजकूर एका फायलीत आणताना. या कामालाही इतिहास आहे आणि तो नोंदवायला हवा.

टाइपरायटरच्या काळात जोडणं सोपं होतं. रेमिंग्टनवर उमटलेलं पान असो की गोदरेजवर, वाचणाऱ्याला अक्षर तेच दिसे. पानं क्रमानं लावायची, हातानं आकडे घालायचे, बाइंडरकडे द्यायची.

1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि प्रबंधासाठी औरंगाबादच्या विद्यापीठाचे हेलपाटे थांबले. त्याच सुमारास संगणक आले. 1.44 एमबीच्या फ्लॉपीवर एकेक प्रकरण घेऊन माणसं एसटीनं येत. पहिलं प्रकरण श्री-लिपीत, दुसरं कृतिदेवमध्ये, तिसरं पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममध्ये. तिन्ही एका फायलीत घेतली की काही पानं मराठी राहत, काहींवर इंग्रजी अक्षरांचा कालवा होई.

कारण त्या फाँटांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. कृतिदेवमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’ होता. दुसऱ्या फाँटात त्याच जागी भलतंच चिन्ह. फायलीत साठायचा तो फक्त जागेचा क्रमांक. त्यामुळे फायली जोडल्या तरी मजकूर जोडला जात नसे. निम्मा प्रबंध पुन्हा टाईप करावा लागे.

युनिकोडनं हा गुंता सोडवला. त्याची पहिली आवृत्ती 1991 ची, पण विंडोज 2000 मध्ये मंगल फाँट आला तेव्हा ती सोय सामान्य संगणकावर पोचली. आता ‘क’चा क्रमांक जगभर एकच. जुना मजकूर बदलताना मात्र डोळ्यांत तेल घालावं लागतं. ‘किती’तली पहिली वेलांटी जुन्या फाँटात ‘क’च्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये नंतर. ‘धर्म’चा रफार जुन्यात ‘म’नंतर, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ ‘म’च्या आधी. कन्व्हर्टर इथंच अडखळतो.

आज वर्डच्या इन्सर्ट मेनूत ऑब्जेक्टखाली ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ आहे. मी आधी फायलींना 01, 02 अशी नावं देतो, मूळ प्रती वेगळ्या ठेवतो, सगळं युनिकोडमध्ये आणतो आणि मगच जोडतो. प्रत्येक प्रकरणाआधी सेक्शन ब्रेक टाकतो, म्हणजे प्रकरणाचं नाव वरच्या समासात वेगळं ठेवता येतं. एकाच नावाची स्टाइल दोन फायलींत वेगळी असेल, तर जोडलेला मजकूर मुख्य फायलीची स्टाइल घेतो. म्हणून मथळे शेवटी पुन्हा तपासतो.

तालुक्यातल्या कितीतरी स्मरणिका, गावांचे इतिहास, शिक्षकांचे प्रबंध अजून जुन्या फाँटांत, सीडीवर पडून आहेत. ते फाँट आणि ते वाचणारे संगणक आहेत तोवरच हा मजकूर सहज वाचता येईल. माझी सगळ्या डीटीपीवाल्यांना आणि संस्थाचालकांना कळकळीची विनंती आहे: जुन्या फायली आत्ताच युनिकोडमध्ये आणा, एकत्र करा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. आपल्या भागाचं लेखन टिकवणं आपल्याच हाती आहे.