वाडा उतरवला त्या सकाळपर्यंत

बुधवार, सकाळी ७. उरले ४८ तास.

पारनेर तालुक्यातलं एक गाव. दिंडी दरवाजा, चौक, चारी बाजूंनी ओसरी, सागवानी खांब आणि वर माळवद. नगरच्या कॉलेजात संज्ञापन शिकणाऱ्या दिग्दर्शकाला हवा होता तसाच वाडा. शुक्रवारी सात वाजता पहिला शॉट ठरला आहे. मी आवाजाच्या कामाला आलो आहे.

आधी मनात चांदबिबीचा महाल होता, म्हणजे खरं तर सलाबतखानाची कबर. पण ती केंद्र सरकारची संरक्षित वास्तू. तिथे ट्रायपॉड आणि दिवे लावून चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात. हरिश्चंद्रगडाचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, म्हणजे वनखात्याची परवानगी आली. हौशी माणूस अशा वेळी गावाकडे वळतो. नगर जिल्ह्यात ती वाट मळलेली आहे. नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला तेव्हा ते नगरलाच शिकत होते. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून 'ख्वाडा' उभा केला आणि 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याच्या ध्वनिमुद्रणाची दखल घेतली गेली. तो पुरस्कार चित्रीकरणाच्या जागेवर टिपलेल्या आवाजासाठी होता, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

सकाळी ९. उरले ४६ तास.

चौकात डोळे मिटून उभा आहे. जागा पाहायला सगळेच येतात, ऐकायला कोणी येत नाही. पिठाची गिरणी दोन घरं सोडून. थ्री-फेज आली की मागच्या विहिरीवरची मोटार सुरू होते. तिचं वेळापत्रक वायरमनला विचारून लिहून घेतलं. शुक्रवारी सकाळी मोटार बंद असेल.

कॅमेरामन खांबांचे फोटो काढतो आहे. प्रत्येक खांबावर खडूने आकडे लिहिलेत, तुळयांवरही. त्याला ते फ्रेममध्ये आवडले. पोरांनी लिहिले असतील, असं कोणीतरी म्हणालं.

दुपारी ३. उरले ४० तास.

ग्रामपंचायत. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, हे शहरातून येणाऱ्याला माहीत नसतं. इथे नमुना ८ चा उतारा पाहावा लागतो. त्यावर तीन नावं निघाली: वाड्यात एकट्या राहणाऱ्या काकू, पलीकडच्या आळीतले त्यांचे दीर आणि चाकणला कंपनीत असलेला पुतण्या. ग्रामसेवकांनी रस्त्यावरच्या चित्रीकरणाला ना हरकत पत्र दिलं. घराचं मात्र घरच्यांनीच द्यायचं.

कथेत गावठी पिस्तूल आहे. लाकडाचंच, तरी पोलीस ठाण्याला पत्र दिलं. यात कंटाळा करू नये. 1912 मध्ये 'राजा हरिश्चंद्र'चं बाह्य चित्रीकरण करायला दादासाहेब फाळके यांची मंडळी वांगणीला गेली, तेव्हा तलवारी आणि मुकुट पाहून गावाला वाटलं दरोडेखोर आले. फौजदाराने सगळ्यांना अडकवलं. फाळके आले, त्यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालता चित्रीकरण करून दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली. आपल्या सिनेमाची सुरुवातच जागेच्या परवानगीच्या या फजितीतून झाली आहे.

गुरुवार, सकाळी १०. उरले २१ तास.

काकूंनी करारावर सही केली. दोन दिवस, देवघरात कोणी जायचं नाही, जमीन पुन्हा सारवून द्यायची, विजेचे पैसे वेगळे. भाडं आगाऊ दिलं. दीरांनीही सही केली, वर चहा पाजला. पुतण्या फोनवर म्हणाला, "काकांनी सही केली ना? मग माझंही त्यातच धरा."

तिन्ही नावं झाली. कागद पक्का आहे आणि खराही आहे. त्यात एकच प्रश्न नाही: या घराबद्दल आणखी कोणाशी काही ठरलंय का?

रात्री ११. उरले ८ तास.

जनरेटर आला, दिव्यांची चाचणी झाली. पुण्याहून आलेला कलाकार ओसरीवर झोपला आहे. त्याला दोनच दिवसांची रजा आहे.

शुक्रवार, सकाळी ६. उरला १ तास.

दिंडी दरवाज्यातून ऊन तिरकं चौकात उतरायला अजून वेळ आहे. त्या उन्हासाठीच सात ही वेळ धरली होती.

सकाळी ६:४०. उरली २० मिनिटं.

हेडफोनमध्ये घरघर. आधी वाटलं, मोटार. ती बंद आहे. आवाज रस्त्यावरून येतो आहे आणि वाढतो आहे.

सकाळी ७.

दारात जेसीबी, मागे दोन रिकामे ट्रक. जुन्या लाकडाचा व्यापारी उतरला. त्याच्याकडेही कागद आहे, त्यावरही दीर आणि पुतण्याची सही आहे. ते खडूचे आकडे त्याच्या माणसांचे. लाकूड कोणत्या क्रमाने काढायचं, त्याचे.

दीर धावत आले. "तुम्ही सोमवारी येणार होता ना?" व्यापारी म्हणाला, "पाऊस सांगितलाय. मशीन आज मोकळं होतं." दीरांच्या हिशेबात दोन्ही व्यवहार बसत होते: आधी पोरांचा सिनेमा, मग वाडा उतरवायचा. खोटं कोणी बोललेलं नव्हतं. काकूंना वाडा जाणार हे ठाऊक होतं, कधी ते कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी ७:३०.

व्यापाऱ्याने अर्धा तास दिला. तेवढ्यात दरवाज्याचा एक शॉट सहज झाला असता. दिग्दर्शकाने कॅमेरा बंद करायला सांगितला आणि सगळ्यांना आत पिटाळलं. काकूंचे डबे, धान्याची कणगी, अंथरुणं बाहेर काढायची होती. देवघरात शिरण्याआधी त्याने विचारलं, "काकू, जाऊ ना?" त्या म्हणाल्या, "जा रं बाबा."

सकाळी ८:१५.

माळवदाची माती खाली आली. धुळीत समोरचं काही दिसेना.

सकाळी ११.

कलाकार पुण्याच्या एसटीत बसला. जनरेटरवाल्याने पूर्ण दिवसाचं भाडं लावलं, तो त्याचा हक्कच. सिनेमा तिथेच थांबला. काकू पदराच्या गाठीतून आगाऊ घेतलेल्या नोटा काढून मोजायला लागल्या. दिग्दर्शक नको म्हणाला, तर रागावल्या. "दोन दिसाचं घेतलं होतं मी. एक रात झोपलात. तेवढं कापून घेते, बाकीचं न्या."

त्याने पैसे घेतले.